धसकटांतील विष : लूपिनोसिसच्या शोधाचा इतिहास

पीक निघून गेल्यावर रानात जे उरते त्याची गणना धान्याच्या मापाने होत नसली, तरी शेती आणि पशुपालन यांची सांगड घालणाऱ्या सर्व समाजांनी त्या अवशेषाला दुसरे पीकच मानले आहे. कापणीनंतर उभी राहिलेली धसकटे, मळणीत सांडलेले दाणे, वाळलेला पाला आणि रिकाम्या शेंगा यांवर जगातील कोट्यवधी मेंढ्या वर्षातील कोरडे महिने काढतात. आपल्याकडेही दिवाळीनंतर धनगरांचे वाडे देशावरून कोकणाकडे उतरू लागतात आणि तेथील शेतकरी भाताच्या मोकळ्या झालेल्या खाचरांत मेंढ्या बसवून घेतात. मेंढीला चारा मिळतो, शेताला लेंडीखत मिळते, आणि उभयपक्षी हिताचा हा व्यवहार पिढ्यानुपिढ्या कोणत्याही करारनाम्यावाचून चालत राहतो. एवढा जुना आणि एवढा विश्वासाचा हा व्यवहार एखाद्या मोसमात अकस्मात प्राणघातक ठरावा, कळपच्या कळप निरोगी म्हणून शेतात शिरावेत आणि पिवळे पडून आडवे व्हावेत, असा प्रसंग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर जर्मनीतील मेंढपाळांवर आला. आणि त्या मृत्यूंचे खरे कारण प्रयोगाने निर्विवाद सिद्ध होण्यास त्यानंतर नव्वद वर्षे जावी लागली. त्या नव्वद वर्षांचा आणि त्यांच्या मागच्यापुढच्या काळाचा वृत्तांत येथे सांगावयाचा आहे.

एल्ब नदीच्या पूर्वेस पसरलेला ब्रान्डेनबुर्ग व पोमेरानियाचा मुलूख हा मुख्यतः हिमयुगातील हिमनद्यांनी मागे टाकलेल्या वाळूचा आहे. ब्रान्डेनबुर्गला तर जुन्या काळी साम्राज्याची वाळूदाणी असेच म्हणत. या वाळूत गहू उभा राहत नसे, राय कशीबशी तग धरी, आणि खत घातले तरी ते पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपून जाई. अशा जमिनीला काय मानवेल याचा शोध प्रशियाच्या राज्यकर्त्यांनी फार पूर्वीपासून चालविला होता. दुसऱ्या फ्रेडरिकने १७८१ च्या सुमारास इटलीहून पांढऱ्या लूपिनचे बी आणविले. लूपिन ही वाटाणा-हरभऱ्याच्या कुळातील शेंगवर्गीय वनस्पती; भूमध्य समुद्राच्या काठी रोमन लोकांच्या काळापासून तिची लागवड होत आलेली आणि ती जमीन सुधारते असा लौकिक असलेली. फ्रेडरिकचा तो प्रयत्न थंड हवेत फारसा फळाला आला नाही. परंतु १८४० च्या दशकात पिवळ्या फुलांची लूपिन या वाळूत रुजली, आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत तिने त्या मुलखाच्या शेतीचे रूप पालटून टाकले.

या परिवर्तनाचा सर्वांत निष्ठावान पुरस्कर्ता म्हणून आल्बर्ट शुल्ट्झ या शेतकऱ्याचे नाव घ्यावे लागते. १८५५ साली त्याने लूपिट्झ नावाच्या गावची निकस जमीन विकत घेतली, आणि नत्रयुक्त खत अजिबात न घालता केवळ लूपिन, चुनखडीची माती आणि पोटॅशचे क्षार यांच्या बळावर ती पिकती करून दाखविली. लूपिन हवेतून नत्र मिळविते असे तो आग्रहाने सांगे, तेव्हा विद्वानांनी त्याकडे साशंकपणे पाहिले. पण १८८६ मध्ये हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजंतू हे कार्य करतात असे सिद्ध केले, आणि शेतात पाहिलेले सत्य प्रयोगशाळेने मान्य केले. शेतकऱ्याचे निरीक्षण आधी आणि शास्त्राची मान्यता मागून, हा क्रम याच वनस्पतीच्या दुसऱ्या आणि शोकपर्यवसायी कथेतही आढळतो, म्हणून त्याची येथे विशेष नोंद केली.

लूपिनने जमीन सुधारली, तसाच मेंढ्यांच्या चाऱ्याचाही प्रश्न सोडविला. तो काळ जर्मनीत लोकरीच्या वैभवाचा होता. अठराव्या शतकात स्पेनहून सॅक्सनीत आणलेल्या मेरिनो जातीची संतती सर्व उत्तर जर्मनीत पसरली होती, आणि १८७३ च्या गणतीत जर्मन साम्राज्यातील मेंढ्यांची संख्या सुमारे अडीच कोटी भरली. एवढ्या जनावरांना हिवाळ्यात काय घालावे ही मोठ्या जमीनदारांची नित्याची विवंचना असे. लूपिनचे दाणे प्रथिनांनी समृद्ध. तिचे वाळविलेले काड कोठारात साठवता येई आणि कापणीनंतरच्या रानात कळप सोडून देता येई. लूपिन कडू असल्याने घोडे व गुरे तिला नाखुशीने तोंड लावीत, परंतु मेंढ्यांना त्या कडवटपणाची सवय होई. अशा रीतीने लूपिन आणि मेंढी यांचे एक नवे अर्थशास्त्र त्या वाळूत उभे राहिले आणि अनेक घराण्यांचे उत्पन्न त्यावर विसंबून राहू लागले.

आणि मग मेंढ्या मरू लागल्या. रोगाची पहिली खूण एवढीच असे की जनावर खाईनासे होई. कळप पुढे चालू लागला की ते मागे रेंगाळे, मान खाली घालून एकटे उभे राही, हाकारल्यास काही पावले जाई आणि पुन्हा थांबे. दोन-तीन दिवसांत डोळ्यांचे पांढरे आणि तोंडातील त्वचा पिवळी पडे. काही जनावरे भ्रमिष्टासारखी भिंतीला किंवा कुंपणाला डोके टेकून उभी राहत, आणि त्यानंतर बहुधा मृत्यू येई. शव उघडून पाहावे तो यकृत सुजलेले आणि गडद पिवळे झालेले. जी जनावरे काही आठवडे रेंगाळून मरत, त्यांचे यकृत उलट आकसलेले, कठीण आणि गाठाळ सापडे. १८७० च्या दशकात असे उद्रेक वारंवार होऊ लागले, आणि १८८० साली एकट्या पोमेरानियात लूपिनवर पोसलेल्या सुमारे दोन लक्ष चाळीस हजार मेंढ्यांपैकी चौदा हजारांहून अधिक दगावल्याची नोंद झाली. शेकडा सहाच्या आसपासचे हे प्रमाण कागदावर मोठे वाटत नाही. परंतु ही सरासरी होती. मृत्यू सर्व कळपांत सारखे वाटले गेले नव्हते, आणि ज्या वाड्यात ते शिरत तेथे मालकाचे दिवाळे काढूनच बाहेर पडत.

विष लूपिनचेच, हा सर्वांचा पहिला आणि स्वाभाविक निष्कर्ष होता. लूपिन कडू असते, तो कडूपणा तिच्यातील अल्कलॉइड द्रव्यांमुळे येतो, आणि ती द्रव्ये पुरेशा प्रमाणात पोटात गेली तर विषारी ठरतात, हे त्या वेळीही ठाऊक होते. मग निराळा गुन्हेगार शोधण्याचे कारणच काय? परंतु मेंढपाळांच्या अनुभवात या निष्कर्षाशी न जुळणाऱ्या गोष्टी होत्या. एकाच गावच्या दोन शेतांपैकी एका शेतातील लूपिन मेंढ्या वर्षानुवर्षे खात आणि दुसऱ्या शेतातील खाऊन मरत. एकाच शेतातील काड एका वर्षी निर्धोक ठरे, दुसऱ्या वर्षी घातक. कडूपणा तर दोन्हीकडे सारखाच. मृत्यूंचे प्रमाण कडवटपणाबरोबर बदलत नसून हवामानाबरोबर, जागेबरोबर आणि साठवणीबरोबर बदलत होते. पण ही गोष्ट दिसत असूनही तिचा अर्थ लावणारा कोणी तोवर पुढे आला नव्हता.

तो अर्थ लावण्याचा पहिला गंभीर प्रयत्न हाल्ले येथील प्राध्यापक युलियुस क्यून यांनी केला. क्यून हे केवळ ग्रंथपंडित नव्हते. विद्यापीठात येण्यापूर्वी सिलेशियात एका मोठ्या जमिनीचे ते कित्येक वर्षे कारभारी होते. नांगर, कोठार आणि गोठा यांचा हिशेब त्यांनी स्वतः ठेवला होता, आणि पिकांच्या रोगांवरील त्यांचा १८५८ चा ग्रंथ हा वनस्पतिरोगशास्त्राच्या पायाभूत ग्रंथांपैकी एक मानला जातो. १८६२ साली हाल्लेच्या विद्यापीठात त्यांची नेमणूक झाली आणि तेथील कृषिसंस्थेला त्यांनी युरोपभर कीर्ती मिळवून दिली. मेंढ्यांच्या या रोगाकडे ते वळले तेव्हा त्यांनी प्रथम दोन गोष्टी एकमेकींपासून अलग केल्या : अल्कलॉइडांमुळे होणारी विषबाधा ही मज्जासंस्थेची आहे, ती झटपट येते आणि यकृताची अशी नासाडी करीत नाही, उलट ज्या रोगाने पोमेरानियाचे कळप उद्ध्वस्त होत होते, तो यकृताचा रोग आहे आणि त्याचे कारण काही निराळे द्रव्य असले पाहिजे. त्या अज्ञात द्रव्याला, ते कावीळ उत्पन्न करते म्हणून, जर्मन संशोधकांनी इक्ट्रोजेन असे नाव दिले. आणि १८८० मध्ये क्यून यांनी लूपिनच्या वाळलेल्या काडांवर वाढणाऱ्या एका बुरशीचे वर्णन प्रसिद्ध केले, जिची बारीक काळी फळे काडांवर ठिपक्यांसारखी दिसत.

या ठिकाणी इतिहासाच्या वाचकाला थांबून हळहळावेसे वाटते, कारण उत्तर अगदी हाताशी आले होते. रोग क्यून यांच्यापुढे होता, बुरशीही होती आणि दोहोंचा संबंध असावा हा संशयही होता. नव्हता तो केवळ पुरावा. पण तो नसण्याला कारण होते, आणि त्यासाठी क्यून यांना दोष देता येत नाही. एखादा सूक्ष्म जीव इतर सर्व जीवांपासून वेगळा करून शुद्ध स्वरूपात वाढवावा, तो निरोगी जनावराला द्यावा आणि तोच रोग उत्पन्न होतो हे दाखवावे, ही सिद्धतेची पद्धत त्या काळी नुकती आकार घेत होती. रॉबर्ट कॉखने घन माध्यमावर शुद्ध जंतू वाढविण्याची युक्ती १८८१ मध्ये जगापुढे ठेवली आणि क्षयाच्या जंतूवरील त्याचा निबंध १८८२ चा. शिवाय या पद्धतीने जे पहिले विजय मिळाले ते सर्व संसर्गजन्य रोगांवर मिळाले. मृत चाऱ्यावर वाढणारी बुरशी जनावराच्या शरीरात न शिरता केवळ आपले विष चाऱ्यात ठेवून जाते आणि ते विष महिन्यांनंतरही मारते, ही कल्पना जंतुशास्त्राच्या त्या विजयोत्सवात कोणाच्या मनात ठसणे कठीण होते.

पुढे प्रश्नच मागे पडला, कारण मेंढ्याच राहिल्या नाहीत. दक्षिण गोलार्धातून स्वस्त लोकर युरोपच्या बाजारात येऊ लागली, जर्मन लोकरीचा भाव कोसळला, आणि अडीच कोटींची मेंढ्यांची संख्या पहिल्या महायुद्धापूर्वीच साठ लाखांच्या आत आली. ज्यांचे कळपच गेले त्यांना कळपांच्या रोगाची चिंता उरली नाही. लूपिनचा इतिहास मात्र पुढे सरकला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस राइनहोल्ड फॉन झेंगबुश या तरुण संशोधकाने असंख्य रोपांची रासायनिक परीक्षा करून ज्यांत कडू अल्कलॉइडे जवळजवळ नव्हतीच अशी मोजकी रोपे निवडून काढली, आणि गोड लूपिन जन्माला आली. रोगाच्या शास्त्रालाही या शोधाचा पुढे मोठा उपयोग झाला, कारण गोड लूपिन खाऊनही जर मेंढ्या पिवळ्या पडून मरत असतील, तर कडूपणावरील जुना आरोप आपोआप खोटा ठरणार होता.

ज्या देशाच्या लोकरीने जर्मन कळपांचा अस्त घडवून आणला, त्याच देशात हा रोग पुढे उपटावा, हा या कथेतील योगायोग विलक्षण आहे. ऑस्ट्रेलियाच्या मेरिनो कळपांत १८२० च्या दशकात सॅक्सनीहून आणलेल्या मेंढ्यांचे रक्त मिसळले होते. म्हणजे एका अर्थी जर्मन मेंढीचेच वंशज तेथे चरत होते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगतची जमीन ब्रान्डेनबुर्गसारखीच वालुकामय आणि निकस. तेथे भूमध्यसागरी प्रदेशातून एकोणिसाव्या शतकात आलेली निळ्या फुलांची एक रानटी लूपिन जेराल्डन आणि त्याच्या आसमंतात हजारो एकरांवर पसरली होती. तेथील उन्हाळा कडक आणि कोरडा. डिसेंबरपासून कुरणात हिरवे पान राहत नसे. त्या दिवसांत वाळून उभी राहिलेली लूपिनची झाडे आणि त्यांतून जमिनीवर गळलेले कठीण दाणे हाच मेंढ्यांचा आधार. त्या आधारावर ज्यांनी भरवसा ठेवला, त्यांना विसाव्या शतकाच्या मध्यास पोमेरानियाचा अनुभव पुन्हा घ्यावा लागला.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या कृषी खात्यातील पशुवैद्य हॅरॉल्ड बेनेट्स यांनी १९५० च्या दशकात या रोगाचे वर्णन केले. मेंढ्यांचा आंत्रविषरोग, ताम्राची उणीव, विशिष्ट क्लोव्हर चरल्याने येणारे वंध्यत्व, असे अनेक गूढ प्रश्न उकलणारा हा थोर शोधक होता. परंतु लूपिनचा प्रश्न त्याच्या हयातीतील कामातही पुरता सुटला नाही. त्याच्यामागून त्याच खात्यातील गार्डिनर यांनी १९६० च्या दशकात तो हाती घेतला. मेंढ्या मरतात त्या उन्हाळ्यात पडलेल्या अवेळी पावसानंतर, बुरसटलेल्या काडांवर चरल्यानंतर, हे तेथील मेंढपाळ सांगत होतेच. गार्डिनर यांनी तो सूर पकडला, बुरशीयुक्त लूपिनकडे बोट दाखविले, आणि रोगट यकृताच्या छेदांत सूक्ष्मदर्शकाखाली एक अर्थपूर्ण गोष्ट पाहिली : यकृताच्या पेशी विभाजनाच्या मध्येच अडकून पडलेल्या दिसत होत्या, जणू विभाजन सुरू झाले आणि पुरे होण्यापूर्वी कोणी ते रोखून धरले.

आता हवा बदलली होती. १९५८ मध्ये न्यूझीलंडमधील रुआकुरा येथे मेंढ्यांच्या तोंडावर फोड आणि यकृताला इजा करणाऱ्या रोगाचे मूळ कुरणातील मेलेल्या गवतावर वाढणाऱ्या बुरशीत सापडले. १९६० साली इंग्लंडात एक लक्षाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले, आणि त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीत एका बुरशीचे विष निघाले; त्याला पुढे अफ्लाटॉक्सिन असे नाव मिळाले. या प्रकरणाने जगभरच्या प्रयोगशाळा जाग्या झाल्या. चाऱ्याला आणि धान्याला लागणारी बुरशी स्वतः रोगजंतू नसूनही विष निर्माण करून जनावरांना आणि माणसांनाही मारू शकते, ही कल्पना, जी क्यून यांच्या काळी अंधुक संशयाच्या रूपात होती, ती एका नव्या शास्त्राचे अधिष्ठान झाली.

अंतिम सिद्धता दक्षिण आफ्रिकेतून आली. तेथेही लूपिनचे पीक घेतले जाई आणि मेंढ्या मरत. प्रिटोरियाजवळच्या ऑन्डरस्टेपोर्ट या जुन्या व नामांकित पशुवैद्यक संस्थेशी संबंधित व्हॅन वारमेलो, मारासास आणि त्यांचे सहकारी यांनी लूपिनवरील बुरशी वेगळी काढून शुद्ध स्वरूपात वाढविली, ती निरोगी मेंढ्यांना दिली, आणि १९७० साली जाहीर केले की लूपिनोसिस हा रोग त्याच बुरशीच्या विषाने होतो. ती बुरशी क्यून यांनी १८८० साली वर्णिलेलीच होती. नव्वद वर्षांपूर्वीच्या हाल्लेच्या प्राध्यापकाचा संशय खरा ठरला; कडू लूपिन निर्दोष नसली तरी या खुनाच्या आरोपातून मुक्त झाली.

विष कोणते, हे शोधण्याचे काम मेलबर्नमधील रसायनतज्ज्ञ कल्व्हेनर आणि त्यांच्या मंडळींनी हाती घेतले. १९७७ मध्ये त्यांनी बुरशीपासून दोन द्रव्ये वेगळी केली आणि त्यांना फोमोप्सिन अ आणि ब अशी नावे दिली. पुढील काही वर्षांत त्यांची रचना उलगडली तेव्हा असे दिसले की हे सहा अमिनो आम्लांचे एक पेप्टाइड आहे, त्यात क्लोरिनचा एक अणू आहे, आणि त्यातील कित्येक घटक निसर्गात क्वचितच आढळणारे आहेत. पेशीच्या अंतर्भागात ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या बारीक नळ्या असतात. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे ओढून दोहों बाजूंना नेण्याचे काम त्या करतात. फोमोप्सिन ट्युब्युलिनला चिकटून या नळ्या बनूच देत नाही. गार्डिनर यांनी यकृताच्या छेदांत विभाजन अर्ध्यावर अडकलेले पाहिले होते त्याचा उलगडा यात झाला. यकृताच्या पेशी नव्याने घडण्याचा प्रयत्न करतात आणि अडकून मरतात, आणि शरीराचे शुद्धीकरण करणारा तो अवयव हळूहळू तंतूंचा गोळा होऊन बसतो. या विषावर उतारा नाही. रोगी मेंढीला लूपिनमधून काढून सावलीत ठेवणे, चांगला चारा देणे आणि यकृताला सावरण्यास अवसर देणे, एवढेच पशुवैद्याच्या हाती राहते.

पण उतारा नसला तरी टाळण्याचे उपाय होते, आणि ते समजण्यासाठी या बुरशीचे चरित्र पाहिले पाहिजे. पुढील संशोधनाने दाखविले की बुरशीचे बीज लूपिन हिरवी असतानाच तिच्या खोडावर पडते, त्वचेखाली शिरते, आणि तेथे सूक्ष्म तंतूंचा एक पुंजका करून स्वस्थ बसते. झाड जिवंत असेतो तिची वाढ होत नाही आणि पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. झाड वाळले की ती जागी होते, आणि उन्हाळ्यात पाऊस पडून काड ओलसर झाले की वेगाने पसरून फोमोप्सिन निर्माण करते. म्हणजे ज्या हिरव्या, निरोगी पिकाकडे पाहून शेतकरी निश्चिंत होतो, त्याच्या आत पुढच्या उन्हाळ्याचे विष आधीच वस्तीला आलेले असते. त्याला केवळ एका सरीची प्रतीक्षा असते. पोमेरानियाच्या मेंढपाळांना आढळलेला विचित्र विसंवाद, एक वर्ष सुरक्षित आणि दुसरे घातक, एक शेत निर्धोक आणि दुसरे मारक, याने पूर्णपणे समजावून दिला. बुरशीला १९९४ मध्ये डायापोर्थे टॉक्सिका हे नवे नाव मिळाले, तेही तिच्या या विषारीपणाची साक्ष म्हणूनच.

यावरून जी पथ्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या शेतकऱ्यांना सांगण्यात आली, ती मेंढपाळाच्या शहाणपणाशी इतकी जुळणारी आहेत की ती वाचताना समाधान वाटते. कापणीनंतर लवकरच मेंढ्या रानात घालाव्यात. सांडलेले दाणे आहेत तोवर मेंढी दाणे वेचते, काडाला तोंड लावीत नाही, म्हणून दाणे संपत आले की कळप बाहेर काढावा. पाणी शेतात एकाच जागी न ठेवता अनेक ठिकाणी ठेवावे, नाहीतर पाण्याजवळील काड संपेतो मेंढ्या तेथेच रेंगाळतात. पाऊस पडल्यावर काही आठवडे विशेष दक्षता घ्यावी. आणि दर काही दिवसांनी कळप थोडे अंतर भराभर हाकून पाहावा, जी मेंढी मागे पडेल ती आजाराची पहिली खबर समजावी. पोमेरानियातील गुराख्यांनी मागे पडलेल्या मेंढीतच रोग प्रथम पाहिला होता. शंभर वर्षांच्या शास्त्राने तीच खूण अधिकृत ठरविली.

दुसरा उपाय अधिक मूलगामी होता. पर्थच्या विद्यापीठात जॉन ग्लॅडस्टोन्स यांनी अरुंद पानांच्या लूपिनचे पाळीव पीक घडविण्याचे काम केले होते, आणि १९६७ मध्ये त्यांचे ‘युनिव्हाइट’ हे पहिले वाण प्रसृत झाले. या वाणांच्या आणि त्यांच्या संततीच्या बळावर पुढील तीन दशकांत तेथील लूपिनचे क्षेत्र दहा लक्ष हेक्टरांच्या पुढे गेले; आणि पिकाबरोबर रोगही वाढला, कारण गोड लूपिनच्या धसकटांवरही बुरशी तितक्याच सुखाने वाढत होती. तेव्हा वॉलेस काउलिंग आणि त्यांचे सहकारी यांनी ज्यांच्या खोडांत ही बुरशी पसरू शकत नाही असे वंश शोधले आणि त्यांपासून नवी वाणे तयार केली. १९८८ मध्ये आलेले ‘गंगुरू’ हे त्यांतील पहिले, आणि त्यामागोमाग ‘योरेल’. या वाणांची धसकटे जुन्या वाणांच्या मानाने कितीतरी कमी विषारी असतात. पूर्ण निर्धोक मात्र नव्हेत, म्हणून पथ्ये तशीच राहिली. लूपिनचे दाणे माणसाच्या अन्नातही येऊ लागल्यावर ऑस्ट्रेलियाने दाण्यांतील फोमोप्सिनची मर्यादा किलोमागे पाच मायक्रोग्रॅम ठरवून दिली.

हा सारा इतिहास दूर देशांचा आहे, लूपिन आपल्याकडे पिकत नाही, आणि म्हणून त्यापासून आपण काही घ्यावयाचे नाही, असे कोणी म्हणेल तर ते बरोबर होणार नाही. भारतात बुरसटलेल्या चाऱ्याने जनावरे दगावल्याचे प्रकार जुने आहेत. १९३० च्या दशकात पंजाबातील देग नाल्याच्या काठी म्हशींचे शेपूट, कान आणि खूर सडून गळू लागले; त्या रोगाला देगनाला हेच नाव पडले, आणि ओल्या बुरसटलेल्या भाताच्या पेंढ्यावरील बुरशीशी त्याचा संबंध पुढे जोडला गेला. १९९५ साली दख्खनच्या पठारावरील कित्येक गावांत काढणीच्या वेळी पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन माणसांना पोटदुखी व जुलाब झाले. त्या धान्यात फ्युमोनिसिन हे बुरशीचे विष आढळले. बुरशी निराळी, पीक निराळे, जनावर निराळे; परंतु मेलेल्या काडावर आणि उघड्या दाण्यावर अवेळी पाणी पडले की विष तयार होते, हा नियम सर्वत्र एकच.

या कथेतून जो निर्णय निघतो तो माझ्या मते असा : एका साध्या निरीक्षणाचा अर्थ लावण्यास शास्त्राला नव्वद वर्षे लागली ती शास्त्राच्या दोषामुळे कमी आणि आपल्या सवयीमुळे जास्त. जनावर मेले की आपण त्याचे शव पाहतो, त्याचा रोग पाहतो, फार तर त्याने खाल्लेल्या वनस्पतीचे नाव विचारतो. परंतु ती वनस्पती त्या दिवशी कोणत्या अवस्थेत होती, ती किती दिवस वाळून उभी होती, तिच्यावर पाऊस केव्हा पडला, काडावर काळे ठिपके होते की नव्हते, हे कोणी लिहून ठेवत नाही. पोमेरानियाचा गुराखी ते सांगू शकत होता, पण त्याला विचारण्याची कोणास गरज वाटली नाही. म्हणून आपल्या शेतकऱ्यांना आणि मेंढपाळांना विनंती आहे की पावसाने काळा पडलेला कडबा, वास येणारा पेंढा आणि सर पडून गेल्यानंतरचे जुने धसकट जनावरापुढे विचार केल्यावाचून टाकू नये, आणि कळपात एखादे जनावर मागे पडू लागले तर त्याच्या मृत्यूची वाट न पाहता चारा बदलावा. आणि आपल्या पशुवैद्यांना विनंती आहे की जनावर दगावले तर शवविच्छेदनाच्या कागदाबरोबर त्या रानातील चाऱ्याचा नमुना आणि गेल्या पंधरवड्यातील पावसाची नोंदही दफ्तरात ठेवावी.